अंगठ्यापासूनचा खकार

ठवकरजींचा नमुना मी आमच्या प्रयोगशाळेतून परत पाठवला. ज्या माणसाने तीस वर्षं अख्ख्या रुग्णालयाचे नमुने परत पाठवले, त्याच्याच डबीवर मी तांबड्या शाईने लिहिलं, 'लाळ आहे. पुन्हा घेणे,' आणि खाली सही केली. वर चौथ्या मजल्यावर ठवकरजी ऑक्सिजनवर होते. त्यांच्या छातीत कोणता जंतू शिरलाय ते लवकर कळलं नसतं, तर पुढे कळून काही उपयोग झाला नसता. हे सगळं माहीत असूनही मी ती डबी परत पाठवली. का पाठवली, ते सांगायचं तर आधी ठवकरजी सांगावे लागतील, आणि ठवकरजी थोडक्यात सांगून होत नाहीत.

ते आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातले सर्वांत जुने तंत्रज्ञ. नाव मोरेश्वर, पण ते नाव फक्त पगारपत्रकावर. नागपुरात आडनावाला 'जी' लागला की माणसाला दुसऱ्या नावाची गरज उरत नाही. मी नवऱ्याच्या बदलीमुळे नाशिकहून इथे आले आणि विभागप्रमुख म्हणून पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत शिरले, तेव्हा केसांना चपचपीत तेल लावलेला, खिशात दोन पेनं आणि एक भिंग अडकवलेला एक किडकिडीत माणूस काचेची ताटली नाकाशी धरून उभा होता. ताटलीत जंतू वाढवलेले होते. 

"हे काय करताय?" मी विचारलं.

"वळख करून घेऊन राहिलो जी," ते म्हणाले. "तुमी नाशिकच्या ना? म्हनजे द्राक्षाच्या. आमी नरखेडकडचे, संत्र्याचे. जमून जाईल आपलं."

त्या ताटलीत सुडोमोनास नावाचा जंतू होता. फुफ्फुसात शिरला तर चिवट, साध्या औषधांना न जुमानणारा. त्याची वसाहत हिरवट दिसते आणि तिला पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो, हे पुस्तकातही लिहिलेलं आहे. ठवकरजींनी ताटली माझ्यापुढे धरली. "घेऊन पाहा ना वास. तुमच्याच गावचा हाय."

मी तो वास घेतला नाही. उलट दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरात सूचना छापून भिंतीवर लावली, की जंतूंच्या ताटल्यांचा वास कोणीही घेऊ नये, ते धोक्याचं आहे. ठवकरजींनी सूचना दोनदा वाचली, बरोबर आहे म्हणाले आणि सूचनेखालीच उभे राहून ताटली उघडली. मी डोळे वटारले तर म्हणतात, "वास कुठं घेऊन राहिलो, मॅडम? श्वास घेऊन राहिलो. श्वास बी बंद करू का?"

हा खेळ पुढे अकरा वर्षं चालला. दर वेळी तो हिरवा जंतू आला की ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन सांगायचे, "मॅडम, तुमच्या माहेरचे पाहुने आले." मी कागदावरून डोकं वर काढत नसे.

त्यांचा खरा दरारा होता तो मात्र नमुन्यांवर. छातीत संसर्ग झालेल्या माणसाचा बेडका तपासायचा असतो. ठवकरजी त्याला खकार म्हणत. खकार छातीतून येतो आणि थुंकी तोंडातून येते, एवढा साधा फरक. पण रोगी बिचारा डबीत थुंकतो, परिचारिका झाकण लावते, डॉक्टर सही करतो, आणि डबी खाली येते. तोंडात तर जंतूंची जत्राच भरलेली असते, अगदी धडधाकट माणसाच्याही. तपासली थुंकी, तर उत्तर येतं तोंडाचं, आणि औषध दिलं जातं छातीला. म्हणून ठवकरजी आधी डबी उजेडात तिरकी धरायचे, मग थेंबभर काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. गालाच्या आतल्या पेशी जास्त दिसल्या, की तांबडं पेन बाहेर. 'लाळ आहे. पुन्हा घेणे.' शिकाऊ डॉक्टरांनी त्यांचं नाव 'परतवाले काकाजी' ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

एकदा आमच्या रुग्णालयाच्या एका विश्वस्तांच्या आई दाखल झाल्या. ठवकरजींनी त्यांचा नमुना एकदा परत पाठवला, दुसऱ्यांदा पाठवला, तिसऱ्यांदा पाठवला. मग विश्वस्तांचा फोन मला आला. फोन ठेवून मी बाहेर आले आणि आवाजात जमेल तितका गोडवा आणून म्हणाले, "ठवकरजी, या वेळी घेऊया का चालवून?"

"मॅडम, पोरगा विश्वस्त हाय तिचा," ते म्हणाले. "खकार थोडीच विश्वस्त हाय?"

आणि कपाटातला आपला स्टीलचा पेला काढून निघाले. तो पेला म्हणजे त्यांचं हत्यार. त्यात कोमट पाणी घ्यायचं, रोग्याकडून खळखळून चूळ भरून घ्यायची, कवळी असेल तर काढून ठेवायची, पाठीला उशी देऊन ताठ बसवायचं, तीन वेळा खोल श्वास घ्यायला लावायचा. मी त्या दिवशी कुतूहलाने मागून गेले होते. म्हातारी मोठ्या घरातली, रागाने लाल झाली होती. ठवकरजी तिच्या पाठीवर तळहाताने हलकं थापटत म्हणाले, "माय, गळ्यातून नको आनू. पायाच्या अंगठ्यापासून आन वं."

म्हातारी खोकली. ठवकरजींनी डोळे मिटले होते. गाण्याच्या मैफलीत जाणकार बसतात तसे.

"हा गळ्यातला," ते म्हणाले. "अजून."

ती पुन्हा खोकली.

"हा बी गळ्यातला. अंगठा, माय, अंगठा."

तिसऱ्या खोकल्याला त्यांचे डोळे उघडले. "हां! हा छातीतला." आणि डबी पुढे. दाट पिवळा, चमचाभर, हवा तसाच. म्हातारी धापा टाकत त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग शेजारी उभ्या मुलाला म्हणाली, "तुह्या डॉक्टरायले याच्याकून शिकव काही." त्यानंतर घरी जाईपर्यंत ती रोज सकाळी 'तो अंगठेवाला' कुठे आहे म्हणून विचारायची.

खोकला कानाने ओळखता येतो यावर माझा विश्वास नव्हता. ते तर संत्र्याची फोड तोंडात टाकून सांगायचे, की हे विहिरीजवळच्या झाडाचं आणि हे बांधावरचं. नरखेड तालुक्यात त्यांच्या भावाकडे बाग होती. दर बहाराला पोतं भरून संत्री यायची आणि विभागात परीक्षा व्हायची. बरोबर की चूक हे सांगायला भाऊ तिथे नसल्यामुळे ठवकरजी कधीच चुकले नाहीत.

एका साथीत मात्र त्यांचं नाक गेलं. साधी सर्दी म्हणता म्हणता दोन महिने कसलाच वास येईना. त्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा हिरमुसलेलं पाहिलं. सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेले होते, तर सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ताटात गरम वरण वाढलं आणि हे ताटाकडे नुसते बघत बसले. "फोडनी कशाची हाय ते विचारून राहिले," काकू म्हणाल्या. "तीस वर्सात कधी विचारलं नाई. सोता सांगत होते." नाक परत आलं त्या दिवशी त्यांनी अख्ख्या विभागाला तर्रीपोहे खाऊ घातले आणि सूचनेखाली उभं राहून लागोपाठ सहा ताटल्या उघडल्या. त्या दिवशी मी खोलीतून बाहेरच आले नाही.

मग मशीन आलं. तांदळाच्या मोठ्या डब्याएवढं, पांढरंशुभ्र. तोवर जंतूचं नाव कळायला दोन-तीन दिवस लागायचे, कारण जंतू ताटलीत वाढेपर्यंत थांबणं भाग असतं, आणि त्याला घाई नसते. हे मशीन त्याच्या वाढण्याची वाट बघत नाही. नमुन्यात थेट त्याची जनुकं शोधतं आणि तासाभरात नाव सांगतं. वर कोणतं औषध लागू पडणार नाही याचीही कल्पना देतं. मी हरखून गेले होते. तीन दिवस अंधारात औषधं देणाऱ्या डॉक्टरला तासाभरात नाव सांगायचं, याहून मोठं सुख आमच्या धंद्यात नाही.

कंपनीचा टायवाला माणूस समजावून सांगत होता. सगळ्यांनी दहा-दहा प्रश्न विचारले. ठवकरजींनी एकच विचारला.

"याले थुंकी देल्ली तर काय करते जी?"

तो माणूस हसून म्हणाला, "काका, याला काहीही द्या. थुंकीतलेसुद्धा सगळे जंतू अचूक ओळखेल."

"अरे बापा," ठवकरजी म्हणाले. "मंग तर अवघड झालं."

आम्ही सगळे हसलो. जुना माणूस, यंत्राला घाबरला, असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची मला आजही लाज वाटते. ठवकरजी काही मशीनवर रुसले नव्हते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याच्याशी शर्यत लावली. काचेवर पसरलेला थेंब रंगवून दहा मिनिटांत म्हणाले, "न्यूमोकोकस. जोडीजोडीनं बसले हायत." मशीनने तासाने तेच नाव दिलं. ठवकरजींनी त्याच्याकडे मान तिरकी करून पाहिलं. "तासभर काय करून राहिलं होतं गा?" पण पुढच्या तीन नमुन्यांना मशीनने जे सांगितलं ते त्यांच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं, आणि तेही त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. "हुशार हाय. आन मेन म्हनजे याले सर्दी होत नाई."

त्यांचा प्रश्न किती खरा होता ते मला डिसेंबरात कळलं. ठवकरजी संत्र्याच्या तोडणीला गावी गेले होते. जरीपटक्यातले एक कापड दुकानदार अतिदक्षता विभागात होते, त्यांचा नमुना आला. मशीनच्या वेगाची आम्हाला नशा चढली होती. काचेवर बघण्यात दहा मिनिटं कशाला घालवायची म्हणून मीच म्हटलं, टाका थेट आत. तासाभरात चार नावं आली. मी अभिमानाने वर फोन केला. वर चारही नावांसाठी मिळून तीन जबर औषधं सुरू झाली, आणि दोन दिवसांत त्या माणसाची मूत्रपिंडं बसायला लागली.

सोमवारी ठवकरजी संत्र्यांची पिशवी घेऊन आले. मी काय घडलं ते सांगितलं. त्यांनी पिशवी ठेवली, पेला घेतला, वर गेले. अर्ध्या तासाने खरा खकार घेऊन आले. त्यात एकच जंतू निघाला, साध्या औषधाला वाकणारा. बाकीचे तीन दुकानदाराच्या तोंडातले, आयुष्यभर त्याच्यासोबत सुखाने राहिलेले. दोन औषधं त्याच दिवशी बंद झाली आणि तो माणूस वाचला. मशीन चुकलंच नव्हतं. त्याला जे दिलं ते त्याने ओळखलं होतं. चूक माझी होती.

ठवकरजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त तो स्टीलचा पेला त्यांनी कपाटात न ठेवता मशीनच्या डोक्यावर ठेवला. तो तिथेच राहिला. काचेवर बघितल्याशिवाय एकही नमुना मशीनमध्ये जायचा नाही, हा नियम मी त्या दिवशी लिहून काढला, पण पाळला गेला तो पेल्याच्या धाकाने.

पुढच्या हिवाळ्यात, निवृत्तीला चार महिने उरले असताना, ठवकरजी खोकायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "थंडी हाय जी." तिसऱ्या दिवशी जिना चढताना मध्येच बसले. ओठ निळसर पडले होते. एक्स-रेत उजव्या बाजूचं अर्धं फुफ्फुस पांढरं झालेलं होतं. वर डॉक्टर मेश्राम होते, शांत स्वभावाचे आणि ठवकरजींचे जुने दोस्त. त्यांनी नेहमीचं औषध सुरू केलं. दोन दिवस झाले तरी ताप हटेना आणि ऑक्सिजन वाढवावा लागला.

"मूत्रपिंडंही कुरकुर करतायत," मेश्राम मला म्हणाले. "सगळी औषधं एकदम मारता येत नाहीत, मॅडम. दुर्बीण घालून नमुना काढावा, तर तेवढा दम नाही त्यांच्यात. मला नाव द्या. एकच नाव."

बाहेर सुमनकाकू बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी अकरा वर्षांत ठवकरजींनी सांगितली नव्हती. विशीत त्यांना क्षय झाला होता. कुठल्याशा दवाखान्यात त्यांनी डबीत थुंकून दिलं, तिथे कोणीतरी ती थुंकी तशीच तपासली आणि 'काही नाही' म्हणून लिहून दिलं. आठ महिने ते 'काही नाही' छातीत घेऊन फिरले. तेवढ्यात उजवं फुफ्फुस खालून खराब झालं ते कायमचं. "तवापासून यायनं ठरवलं," काकू म्हणाल्या, "का आपन थुंकी घ्यायची नाई. कोनाचीच."

मी खाली आले, तर वॉर्डातून त्यांची डबी आली होती. मी उजेडात तिरकी धरली. पातळ, फेसाळ. काचेवर बघितलं. गालाच्या पेशी, दुसरं काही नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. एक तंत्रज्ञ म्हणाली, "मॅडम, ठवकरजींचा आहे. मशीनला लावून तर पाहू. काही तरी नाव येईल." नाव आलं असतं. चार आली असती. मी तांबडं पेन घेतलं.

मग मशीनच्या डोक्यावरचा पेला उचलला आणि जिना चढले. विभागप्रमुख झाल्यापासून नमुना घ्यायला मी कधीच वॉर्डात गेले नव्हते.

ठवकरजी अर्धवट डोळे उघडून पडले होते. माझ्या हातातला पेला दिसला तसे थोडे हलले.

"परत आला ना?" त्यांनी विचारलं. एका वाक्याला दोनदा दम घ्यावा लागला.

"आला."

"कोनं पाठवला?"

"मी."

"पेशी किती होत्या?"

"मोजल्या नाहीत. मोजण्यापलीकडे होत्या."

"मंग बरोबर केलं," ते म्हणाले आणि समाधानाने डोळे मिटून घेतले. मला त्यांचा संताप आला. मरायला टेकलेल्या माणसाने इतकं समाधानी असू नये.

त्यांना बसवलं. काकूंनी पाठ धरली. मेश्रामांनी मिठाच्या पाण्याची वाफ दिली. चूळ भरून झाली. तापाने अंग सुकलेलं, खोकला कोरडा, आणि आत जे होतं ते घट्ट चिकटून बसलेलं. पहिल्या वेळी काही आलं नाही. दुसऱ्या वेळी थुंकी आली, ती मी कागदात पुसून टाकली. ठवकरजींच्या कपाळावर घाम आला होता.

"राहू द्या ना, मॅडम," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. विश्वस्तांच्या आईलाही त्यांनी राहू दिलं नव्हतं.

"काहून राहू द्यायचं?" मी म्हटलं. माझ्या तोंडून असा नागपुरी शब्द निघाल्याचं मलाच नवल वाटलं. "गळ्यातून नका आणू, ठवकरजी. पायाच्या अंगठ्यापासून आणा."

मी त्यांच्या पाठीवर थापटत राहिले आणि डोळे मिटले. काहीसे आवाज नीट ऐकू यावा म्हणून, आणि बरेचसे ते भरून आलेले दिसू नयेत म्हणून. ते खोकले. तो गळ्यातला होता. मला कळलं, गळ्यातला होता. पुन्हा खोकले, तोही वरचाच. मग काकू काही तरी पुटपुटल्या, ठवकरजींनी गादीची कड धरली आणि एक खोकला आला तो कुठून तरी फार खालून, चिखलातून पाय काढावा तसा. "हा छातीतला!" असं मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

चमचाभरही नव्हता. अर्धा असेल. डबी मुठीत धरून मी खाली पळाले. काच स्वच्छ निघाली, पेशी नावाला दोन-चार. मग मशीन. एक तास दहा मिनिटं मी त्या पांढऱ्या डब्यापुढे स्टूल टाकून बसून राहिले. चहा आला, गार झाला. नाव आलं एकच, सुडोमोनास, आणि खाली कोणतं औषध चालणार नाही तेही. चालू होतं तेच. मी मेश्रामांना फोन केला, आणि दुपारच्या चहाच्या गाड्या वॉर्डात फिरायच्या आत औषध बदललं गेलं. ताटलीची वाट बघितली असती, तर ते दोन दिवस आम्हाला कोणी दिले असते की नाही, ते मला माहीत नाही.

ताटलीसुद्धा लावली होतीच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जंतू वाढवायच्या उबदार कपाटातून काढली. हिरवट झाक होती. विभागात जेवणाची सुट्टी झाली होती, आजूबाजूला कोणी नव्हतं. मी भिंतीवरच्या सूचनेकडे पाहिलं. खाली सही माझीच होती. आणि मी झाकण उचललं.

वर गेले तेव्हा ताप थोडा उतरला होता. ठवकरजींना आवाज आला होता, म्हणजे चौकशा आल्या होत्या.

"मेश्राम सांगत होते, नाव भेटलं म्हनून. मशीन म्हनते ते ठीक हाय. प्लेट लावली होती ना?"

"लावली होती."

"मंग? वास?"

"ठवकरजी, वास घेऊ नये असा नियम आहे."

"नियम मले पाठ हाय. मी वास विचारून राहिलो."

मी काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीबाहेर बघू लागल्या.

"द्राक्षांचा," मी हळूच म्हटलं. "जरा जास्त पिकलेल्या. आमच्याकडे शेवटी शेवटी राहतात ना, तशा."

ठवकरजींचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं औषधाची गरजच नव्हती, हेच आधी सांगायला हवं होतं. "नाशिकच्या बाईनं द्राक्ष म्हनलं म्हनजे द्राक्षच," ते काकूंना म्हणाले. "मशीन बरोबर हाय." आणि कूस बदलून झोपले. अकरा वर्षं लागली त्यांना, पण मला वास घ्यायला लावलाच.

त्यानंतर ते कामावर परत आले नाहीत. चार महिने रजेतच गेले आणि मग नरखेडकडे भावाच्या बागेत राहायला गेले. दर बहाराला संत्री येतात, पण आता परीक्षा घ्यायला कोणी नसतं. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती मी विभागात बोलून दाखवते. ती लपवण्यासारखी गोष्ट नाही.

मी त्यांना रुग्णालयात शेवटचं पाहिलं ते घरी जायच्या दिवशी, चौथ्या मजल्यावर, लिफ्टपाशी. चाकाच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल, मागे काकू पिशव्या घेऊन. मी निरोप द्यायला गेले होते आणि पेला बरोबर नेला होता. म्हटलं, त्यांची वस्तू त्यांना द्यावी. लिफ्ट येईना. शेजारच्या बाकावर एक उंचापुरा गडी डबी हातात घेऊन बसला होता. त्याने तोंड वाकडं केलं, डबीत थुंकला आणि झाकण लावायला लागला.

"भाऊ," खुर्चीतून आवाज आला. "थे थुंकी हाय गा."

"अहो, चला ना आता," काकू म्हणाल्या.

ठवकरजी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागले. अर्धे उठले, दम लागला, बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  नुसतं पेल्याकडे पाहिलं आणि त्या गड्याकडे हनुवटी केली.

मी कोपऱ्यातल्या यंत्रातून कोमट पाणी आणलं. त्या माणसाला चूळ भरायला लावली. ताठ बसवलं. पाठीमागे उभी राहून थापटायला लागले. येणारे-जाणारे बघत होते, एक शिकाऊ डॉक्टर तर थांबूनच राहिला.

"गळ्यातून नको, भाऊ," मी म्हटलं. "पायाच्या अंगठ्यापासून."

तो खोकला. मी वळून खुर्चीकडे पाहिलं. ठवकरजींनी डोळे मिटले होते. नुसती मान हलवली, नाही म्हणून. तो पुन्हा खोकला. पुन्हा मान हलली. तेवढ्यात लिफ्ट आली, काकूंनी खुर्ची आत ढकलली, आणि दार सरकायला लागलं तेव्हा त्या गड्याने एक दणदणीत खोकला काढला.

मिटल्या डोळ्यांनीच ठवकरजी हसले, त्यांचं बोट वर झालं, आणि दार लागलं. मी डबी पुढे केली. खकार चांगला होता, दाट, छातीतला. झाकण घट्ट लावून जिन्याने खाली निघाले, तेव्हा लक्षात आलं की पेला माझ्याच हातात राहिलाय.